बडा मालम

आगबोटीतून प्रवास करणाऱ्या उतारूला कप्तान ठाऊक असतो. त्याची टोपी, त्याच्या बाहीवरच्या चार सोनेरी पट्ट्या आणि त्याचा अधिकार यांविषयी उतारूच्या मनात आदरयुक्त कुतूहल असते. जेवण देणारा बटलर त्याला ठाऊक असतो, कारण त्याच्याशी दिवसातून तीन वेळा गाठ पडते. परंतु या दोहोंच्या मध्ये एक मनुष्य असा असतो की, जो पहाटे चार वाजल्यापासून जहाजावर फिरत असतो, ज्याच्या नजरेखालून गेल्यावाचून एक दोर बांधला जात नाही की एक होडी खाली उतरत नाही, आणि तरीही ज्याचे नाव प्रवास संपला तरी बहुतेक उतारूंना कळलेले नसते. इंग्रजी परिभाषेत त्याला फर्स्ट मेट अथवा चीफ ऑफिसर म्हणतात. हिंदी महासागरातील खलाशांनी मात्र त्याला फार पूर्वीच आपले नाव देऊन ठेवले आहे. ते नाव म्हणजे बडा मालम.

मालम हा शब्द मूळचा अरबी. मुअल्लिम म्हणजे शिकविणारा, गुरू. समुद्रावर तो वाटाड्याला लावण्यात येऊ लागला, कारण ताऱ्यांवरून आणि वाऱ्यांवरून मार्ग जाणणारा तो एकटाच असे. 1498 मध्ये वास्को द गामाला आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील मालिंदीहून कालिकतला आणून सोडणाऱ्या वाटाड्याला पोर्तुगीज बखरकारांनी मालेमो म्हटले आहे, तो हाच शब्द होय. पुढे विलायती कंपन्यांच्या आगबोटी आल्या, त्यांवर सारंग, तांडेल, सुकाणी आणि खलाशी हे सारे कोकणातले, कच्छ-काठेवाडातले, चितगावकडचे असत, आणि अधिकारी तेवढे गोरे असत. त्या अधिकाऱ्यांतील मेटला हे लोक मालम साहेब म्हणू लागले, आणि त्यांतील पहिल्याला बडा मालम. वाटाड्याचे आणि गुरूचे नाव त्याला मिळाले, हे एका अर्थी योग्यच झाले. आजही या अधिकाऱ्याचे अर्धे काम वाट दाखविण्याचे आणि अर्धे शिकविण्याचे असते.

या कामाचे खरे स्वरूप पाहावयाचे असेल तर ते अजस्र प्रवासी जहाजावर पाहून उपयोग नाही. चार-पाच हजार माणसे वाहून नेणाऱ्या जहाजावर अधिकाऱ्यांची एक उतरंडच असते. सुरक्षिततेचा अधिकारी वेगळा, दिशादर्शनाचा वेगळा, आणि कप्तानाच्या हाताखाली उपकप्तान वेगळा. जेमतेम पन्नास ते दीडशे उतारूंचे छोटे पर्यटक जहाज ही गोष्टच निराळी. अशी जहाजे दक्षिण ध्रुवाकडे जातात, नॉर्वेच्या खाड्यांत शिरतात, अलास्काच्या हिमनद्यांजवळ नांगर टाकतात, गॅलापागोसच्या बेटांमधून फिरतात. मोठ्या जहाजाला जेथे प्रवेश नाही, तेथे जाणे हाच त्यांचा व्यवसाय असतो. साहजिकच धक्का नाही, वाटाड्या नाही, मदतीला दुसरे जहाज जवळ नाही अशा ठिकाणी त्यांचा वावर अधिक. आणि त्यांवर कप्तानाखाली अधिकारी असतात दोन किंवा तीन. मोठ्या जहाजावर जी कामे पाच-सहा माणसांत वाटली जातात, ती येथे एकट्या बड्या मालमाच्या पदरी पडतात.

त्याचा दिवस पहाटे चारला उजाडतो. जहाजावर चोवीस तासांचे पहारे असतात, आणि जुन्या वहिवाटीप्रमाणे पहाटे चार ते आठ आणि सायंकाळी चार ते आठ हा पहारा मालमाचा. या वहिवाटीला अर्थ आहे. सकाळ-संध्याकाळच्या संधिप्रकाशात तारेही दिसतात आणि क्षितिजाची रेषाही दिसते, आणि सेक्स्टंट या यंत्राने ताऱ्याची उंची मोजून जहाजाचे स्थान काढावयाचे तर ही दोन्ही एकाच वेळी दिसणे अवश्य असते. असे मोजके क्षण दिवसातून दोनदाच येतात, आणि ते दोन्ही या पहाऱ्यात पडतात. आता उपग्रहांच्या साहाय्याने स्थान क्षणार्धात कळते, हे खरे. तरीही ताऱ्यांवरून स्थान काढण्याची विद्या परीक्षेतून वगळलेली नाही. यंत्र बंद पडले म्हणजे समुद्र काही थांबत नाही, हे त्यामागचे साधे कारण होय.

पहाऱ्यावर असताना त्याचे पहिले कर्तव्य एकच, ते म्हणजे पाहणे आणि ऐकणे. समुद्रावरील टक्कर टाळण्याचे 1972 चे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. त्यांतील पाचवा नियम सांगतो की, प्रत्येक जहाजाने डोळ्यांनी, कानांनी आणि उपलब्ध असलेल्या इतर सर्व साधनांनी अखंड लक्ष ठेवले पाहिजे. रडारच्या पडद्यावर जे दिसत नाही असे पुष्कळ काही समुद्रावर असते. दिवा न लावलेला मचवा असतो, अर्धवट बुडालेला ओंडका असतो, पाण्याच्या पातळीशी आलेला काळसर बर्फाचा तुकडा असतो. म्हणून ज्याला तांबडा दिवा आणि हिरवा दिवा यांतील भेद अचूक ओळखता येत नाही, त्याला हा व्यवसाय पहिल्याच पायरीवर बंद होतो. समोरच्या जहाजाचा तांबडा दिवा त्याची डावी बाजू दाखवितो, हिरवा उजवी. दृष्टीच्या या एवढ्याशा दोषाने शेकडो जीव धोक्यात येऊ शकतात.

सकाळी आठ वाजता पहारा संपतो, पण काम सुरू होते. जहाजाचा बाह्य देह, म्हणजे यंत्रशाळा सोडून उरलेले सारे, त्याच्या ताब्यात असते. लोखंडाला खाऱ्या हवेत गंज चढतो, आणि गंज काढणे, रंग देणे, दोर बदलणे, कप्प्यांना वंगण घालणे हे काम कधीच संपत नाही. सारंगाला सकाळी बोलावून दिवसाचे काम वाटून द्यावयाचे, आणि संध्याकाळी ते झाले की नाही हे स्वतः हात लावून पाहावयाचे. उतारूंच्या जहाजावर यात आणखी एक अडचण असते. रंगाचा वास, हातोड्याचा आवाज आणि ओला डेक यांनी पाहुण्यांचा विरस होता कामा नये. म्हणून अनेक कामे पहाटे किंवा उतारू किनाऱ्यावर गेले असताना उरकावी लागतात. ज्या जहाजाचा डेक नेहमी कोरडा, स्वच्छ आणि रिकामा दिसतो, त्यावर मालमाने किती लवकर उठावयाचे ठरविले आहे हे जाणकाराला चटकन कळते.

बंदरात शिरताना आणि निघताना त्याची जागा नाळेवर असते. कप्तान वर ब्रिजवर उभा असतो, परंतु नांगराची साखळी पाण्यात कोणत्या दिशेने ताणली आहे, तिचे किती भाग बाहेर गेले आहेत, नांगराने तळ धरला की तो सरपटत आहे, हे त्याला दिसत नाही. ते मालमाने पाहून कळवावयाचे. नांगराच्या साखळीचा एक भाग साडेसत्तावीस मीटरचा असतो. खोली, वारा आणि तळाची माती पाहून असे किती भाग सोडावयाचे ते ठरते. धक्क्याला लागताना दोर ताणलेले असतात, आणि ताणलेला दोर तुटला तर तो चाबकासारखा परत फिरतो व माणसाचा पाय किंवा प्राण घेतो. म्हणून नव्या खलाशाला दोर ओढावयास शिकविण्यापूर्वी कोठे उभे राहावयाचे नाही, हे चांगला मालम शिकवितो.

आता ज्या कर्तव्याकडे उतारूचे लक्ष कधीच जात नाही, पण ज्याच्यावर सर्वांचे प्राण अवलंबून असतात, त्याकडे वळले पाहिजे. ते म्हणजे जहाजाचा तोल. जहाजात इंधन कोठे आहे, गोडे पाणी कोणत्या टाकीत किती आहे, सामान कोठे ठेवले आहे, याचा हिशेब मालमाने दररोज ठेवावयाचा असतो. वजन खाली असले तर जहाज स्थिर राहते, वर चढले तर ते डळमळू लागते. यात टाक्यांतील पाण्याची एक गंमत आहे. परातीत थोडे पाणी घेऊन ती उचलून चालू लागावे, म्हणजे पाणी ज्या बाजूला कलते त्या बाजूला सारी परात ओढली जाते. काठोकाठ भरलेल्या झाकणबंद घागरीत असे होत नाही. अर्धवट भरलेली टाकी म्हणजे ती परात होय. म्हणून टाकी शक्यतो पूर्ण भरलेली असावी किंवा पूर्ण रिकामी, हा मालमांचा जुना कायदा आहे.

हा हिशेब चुकला म्हणजे काय होते, हे 1915 साली अमेरिकेतील शिकागो शहराने पाहिले. ईस्टलँड नावाची सहलीची आगबोट 24 जुलै रोजी सकाळी नदीच्या धक्क्याला बांधलेली होती. एका कारखान्याचे कामगार आपल्या बायकामुलांसह वार्षिक सहलीला निघाले होते, आणि अडीच हजारांहून अधिक माणसे बोटीवर चढली होती. बोटीचा तोल मुळातच नाजूक होता. त्यात टायटॅनिकच्या अपघातानंतर आलेल्या जागृतीमुळे वरच्या मजल्यावर जादा होड्या आणि तराफे चढविण्यात आले होते. धक्का सोडण्यापूर्वीच बोट एका अंगाला कलली, सावरली, पुन्हा कलली आणि आडवी झाली. वादळ नव्हते, खडक नव्हता, किनारा काही हातांवर होता. तरीही 844 माणसे मरण पावली. जीव वाचविण्याकरिता ठेवलेली साधनेच वजनाचा विचार न केल्यास जीव घेण्यास हातभार लावतात, असा धडा या अपघाताने शिकविला. आजही छोट्या जहाजावर देवमासा दिसला म्हणून सारे उतारू एकाच कठड्याकडे धावले, तर मालम मनातल्या मनात आकडेमोड करीत असतो.

होड्यांचा विषय निघालाच आहे, तर तो पूर्ण करणे इष्ट होईल. जीवनौका, तराफे, जीवरक्षक जाकिटे, आग विझविण्याचे नळ आणि पंप यांची देखरेख त्याच्याकडे असते. समुद्रावरील जीवितरक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार टायटॅनिकच्या दुर्घटनेनंतर 1914 मध्ये प्रथम झाला, आणि आज 1974 च्या कराराची सुधारून वाढविलेली आवृत्ती पाळली जाते. बारांहून अधिक उतारू नेणारे जहाज हे या करारान्वये प्रवासी जहाज ठरते. जहाज सोडण्याचा हुकूम झाल्यावर सर्व माणसांसह साऱ्या जीवनौका तीस मिनिटांच्या आत पाण्यात उतरविता आल्या पाहिजेत, असा त्याचा दंडक आहे. तीस मिनिटे ही कागदावर पुष्कळ वाटतात. अंधार, थंडी, कललेला डेक, रडणारी मुले आणि आपली पेटी घेण्यासाठी परत खोलीकडे धावणारा गृहस्थ यांची भर घातली म्हणजे ती फारच थोडी होतात.

म्हणूनच कवायत. सात किंवा अधिक आखूड भोंगे आणि त्यामागून एक लांब भोंगा, हा जहाजावरील सर्वसाधारण संकटाचा इशारा होय. तो ऐकताच कोणी कोठे जमावयाचे, जाकीट कसे बांधावयाचे, हे उतारूला आधीच ठाऊक असले पाहिजे. पूर्वी ही कवायत प्रवास सुरू झाल्यापासून चोवीस तासांच्या आत घेतली तरी चालत असे. 13 जानेवारी 2012 रोजी इटलीच्या किनाऱ्यावर कोस्टा कॉन्कॉर्डिया हे प्रचंड जहाज खडकावर आदळले, तेव्हा त्याच सायंकाळी चढलेल्या उतारूंची कवायत व्हावयाची होती. जहाज सोडण्याचा हुकूमही एका तासाहून अधिक उशिरा निघाला. 32 माणसे मरण पावली. त्यानंतर नियम बदलला, आणि 1 जानेवारी 2015 पासून ही कवायत जहाज निघण्यापूर्वी किंवा निघताक्षणीच घेणे बंधनकारक झाले. सुट्टीवर आलेल्या माणसाला ही कवायत कंटाळवाणी वाटते. तिच्यातील प्रत्येक शब्दाची किंमत कोणी तरी आधी चुकती केलेली आहे, हे मालमाला विसरता येत नाही.

याच्या उलट चित्र 2007 सालचे आहे. एक्सप्लोरर हे 1969 मध्ये बांधलेले छोटे जहाज पर्यटकांना दक्षिण ध्रुवाकडे नेणाऱ्या जहाजांपैकी आद्य मानले जात असे. 23 नोव्हेंबर रोजी साउथ शेटलँड बेटांजवळ बर्फाने त्याचा तळ फाडला आणि पाणी आत शिरू लागले. जहाजावर 154 माणसे होती. मध्यरात्र उलटून गेली होती. ध्रुवीय थंडीत ही सारी माणसे होड्यांमध्ये उतरली, काही तास तशीच बसून राहिली आणि मदतीला धावून आलेल्या नॉर्वेच्या जहाजावर सुखरूप पोहोचली. जहाज त्याच दिवशी बुडाले, परंतु एकही मनुष्य दगावला नाही. समुद्र शांत होता आणि दुसरी जहाजे पोहोचण्याजोग्या अंतरावर होती, हे भाग्य खरेच. तरीही रात्रीच्या अंधारात 154 माणसांना होड्यांत बसविणे हे नुसत्या भाग्याचे काम नव्हे. त्याच्यामागे केलेल्या कवायती आणि राखलेली शिस्त असावी लागते.

छोट्या जहाजाला बुडण्याइतकेच, किंबहुना त्याहूनही अधिक भय असते ते आगीचे. 2 सप्टेंबर 2019 च्या पहाटे कॅलिफोर्नियातील सांताक्रूझ बेटाजवळ कन्सेप्शन नावाची पाणबुड्या पर्यटकांची बोट नांगरून उभी होती. सारे उतारू खालच्या दालनात झोपले होते, आणि खलाशीही झोपले होते. रात्रभर फिरती गस्त ठेवावी, हा नियम होता. तो पाळला गेला नव्हता. आग लागली ती कळली तेव्हा बाहेर पडण्याच्या वाटा ज्वाळांनी अडविल्या होत्या. 34 माणसे प्राणास मुकली. एक जागा माणूस एवढाच तेथे उणा होता. रात्रीच्या गस्तीचे वेळापत्रक करणे, ते पाळले जाते की नाही हे अवेळी उठून पाहणे, आणि गस्तीवरच्या पोराला ती कशासाठी आहे हे समजावून सांगणे, ही मालमाचीच कामे होत.

कोकणच्या किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला या कामाचा आणखी एक भाग सांगावयाची गरज नाही. मुंबईहून निघालेली आगबोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत जाई, तेव्हा पुष्कळ ठिकाणी ती धक्क्याला लागतच नसे. ती दूर खोल पाण्यात उभी राही, आणि पडाव येऊन उतारूंना नेत-आणीत. लाट आली की पडाव वर उचलला जाई, ओसरली की खाली जाई, आणि नेमक्या क्षणी पाऊल टाकावे लागे. म्हातारी माणसे, कडेवर मूल घेतलेल्या बाया, ट्रंका आणि फणसांची ओझी यांना त्या क्षणी सांभाळणारे हात शिडीवर असत. आज ध्रुव प्रदेशात किंवा एखाद्या निर्जन बेटावर उतारूंना रबरी होड्यांतून उतरविले जाते, ते कौशल्य याच जातीचे आहे. लाटेची चाल ओळखावयाची, उतारूचा हात मनगटाशी धरावयाचा, आणि वारा वाढला तर बेत रद्द करावयाचा. अंटार्क्टिकात एका वेळी एका ठिकाणी शंभराहून अधिक उतारू उतरवू नयेत असा नियम आहे. जाताना आणि येताना प्रत्येकाने आपल्या क्रमांकाचा बिल्ला फळ्यावर उलटवावयाचा, अशी पद्धत अनेक जहाजांवर असते. फळ्यावरचा एक बिल्ला उलटा राहिला तर जहाज हलत नाही.

हवामान पाहून नाही म्हणण्याचे महत्त्व मराठी माणसाला रामदास बोटीने शिकविले आहे. 17 जुलै 1947 रोजी, ऐन पावसाळ्यात, ही बोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. सणासाठी घरी जाणाऱ्यांनी ती भरली होती. वादळी वाऱ्यात आणि लाटांत ती काश्याच्या खडकाजवळ कलंडली, आणि सहाशेंहून अधिक माणसे बुडाली. मुंबई डोळ्यांसमोर असूनही ही बातमी शहरात पोहोचण्यास कित्येक तास लागले. कोकणातील घराघरांत ही आठवण आजही आहे. रामदासच्या कहाणीतून निघणारा बोध हा की, उतारूंची घाई, मालकाचा तोटा आणि वेळापत्रक या तिन्हींपुढे हवामानाचा शब्द अखेरचा असला पाहिजे, आणि तो उच्चारण्याचे धैर्य जहाजावर कोणापाशी तरी असले पाहिजे.

या पदावर बसण्याची पात्रता कशी मिळते? ब्रिटनने 1850 मध्ये कायदा करून परदेशी जाणाऱ्या जहाजांच्या कप्तान व मेट यांना प्रमाणपत्र सक्तीचे केले. तोपर्यंत अनुभव आणि ओळख एवढ्यावरच काम भागत असे. आज जगभर 1978 चा आंतरराष्ट्रीय करार लागू आहे, आणि 1995 व 2010 मध्ये त्यात महत्त्वाच्या सुधारणा झाल्या आहेत. या करारान्वये उमेदवार किमान 18 वर्षांचा असावा लागतो. मान्य शिक्षणक्रमाचा भाग म्हणून किमान बारा महिने समुद्रावर काढल्यावर त्याला पहाऱ्याचा अधिकारी होण्याची परीक्षा देता येते. तीन हजार टनांच्या व त्यावरील जहाजावर बडा मालम व्हावयाचे तर अधिकारी म्हणून आणखी किमान बारा महिन्यांची सेवा आणि वरची परीक्षा लागते. पाचशे ते तीन हजार टनांच्या जहाजांसाठी अटी थोड्या सौम्य आहेत. ज्याला उतारूंच्या जहाजावर काम करावयाचे आहे, त्याने गर्दी आवरणे आणि संकटकाळी माणसे कशी वागतात हे ओळखणे यांचेही शिक्षण घेतलेले असले पाहिजे. शिवाय अग्निशमन, प्रथमोपचार आणि रेडिओ यांची प्रमाणपत्रे निराळीच. चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती घेणे हाही त्याच्यावर नियम आहे. अधिकारी थोडे असलेल्या छोट्या जहाजावर हा नियम पाळणे सर्वांत कठीण असते, आणि थकलेल्या डोळ्यांनी समुद्र पाहणे सर्वांत धोक्याचे असते.

भारतीयांच्या दृष्टीने या पात्रतेचा इतिहास अभिमानाचा आणि काहीसा खंतीचाही आहे. रत्नागिरीच्या आणि कुलाब्याच्या किनाऱ्यावरील पिढ्यान्‌पिढ्या आगबोटींवर राबल्या, पण सारंगाच्या पुढे त्यांना पायरी नव्हती. 5 एप्रिल 1919 रोजी सिंदिया कंपनीची लॉयल्टी मुंबईहून विलायतेस निघाली, तो दिवस पुढे राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जाऊ लागला. तरीही अधिकारी तयार करणारी शाळा देशात नव्हती. 1923 मध्ये नेमलेल्या समितीच्या शिफारशीनंतर 1927 मध्ये मुंबईच्या बंदरात डफरिन हे शिक्षण-जहाज सुरू झाले, आणि भारतीय मुले कॅडेट म्हणून नकाशे व तारे शिकू लागली. 1972 मध्ये त्याची जागा राजेंद्र या जहाजाने घेतली, आणि 1993 मध्ये ही शाळा नव्या मुंबईत किनाऱ्यावर चाणक्य या नावाने स्थिरावली. ज्या शब्दाला इतकी वर्षे साहेब हा प्रत्यय अपरिहार्यपणे लागत असे, तो मालम शब्द अशा रीतीने पुन्हा या किनाऱ्यावरच्या मुलांचा झाला. आता तो मुलींचाही झाला आहे. 2015 च्या जून महिन्यात बंगालच्या उपसागरात खवळलेल्या समुद्रातून सात कोळ्यांना वाचविणाऱ्या तेलवाहू जहाजाच्या कप्तान राधिका मेनन होत्या, आणि 2016 मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने त्यांच्या शौर्याचा गौरव केला.

परंतु प्रमाणपत्राने जे मिळत नाही ते या पदाचे खरे मर्म आहे. बडा मालम हा दोन दिशांना तोंड असलेला मनुष्य असतो. खलाशांना तो कप्तानाचा हुकूम सांगतो आणि कप्तानाला तो खलाशांची अडचण सांगतो. त्याने हुकूम पाळला पाहिजे, कारण समुद्रावर दोन मते चालत नाहीत. पण कप्तान चुकत आहे असे दिसले तर तसे स्पष्ट आणि वेळीच बोललेही पाहिजे, कारण मौनाने जहाज वाचत नाही. कॉन्कॉर्डिया किनाऱ्याच्या अतोनात जवळ जात होती, तेव्हा ब्रिजवर अनेक अधिकारी उभे होते. वेळ होता तोवर त्यांच्यापैकी कोणीही कप्तानाला निर्धाराने अडविले नाही. अधिकाराचा मान राखून सत्य सांगणे ही गोष्ट घरातही सोपी नसते, मग जहाजावर ती कशी असणार? म्हणून आता ब्रिजवरील अधिकाऱ्यांना शंका मोठ्याने बोलून दाखविण्याचे रीतसर शिक्षण दिले जाते. आणि चांगला कप्तान आपल्या मालमाकडून खुशामतीची नव्हे, या शंकेचीच अपेक्षा करतो.

तसाच त्याचा हाताखालच्यांशी संबंध. छोट्या पर्यटक जहाजांवर खलाशी बहुधा तरुण असतात, कित्येकांचा तो पहिलाच हंगाम असतो. निरनिराळ्या देशांचे आणि भाषांचे हे लोक दोन आठवड्यांत एका दोरावर हात ठेवण्याइतके एकजीव करावयाचे असतात. ओरडून काम होते, पण शिकविणे होत नाही. गाठ कशी बांधावी हे जो दहा वेळा न चिडता दाखवितो, त्याच्या जहाजावर अकराव्या वेळी, अंधारात आणि लाटेत, ती गाठ बरोबर बसते. मुअल्लिम या मूळ शब्दाचा अर्थ येथे पुन्हा जिवंत होतो.

या कामाला प्रसिद्धी नाही. प्रवास सुखाचा झाला तर उतारू कप्तानाचे आभार मानतात, आणि तेही रास्तच आहे. मालमाच्या नोंदवहीत त्या दिवशी होड्या तपासल्याची, टाक्या मोजल्याची, गस्त नीट झाल्याची आणि सारे उतारू जहाजावर परतल्याची चार ओळींची नोंद असते. आज ना उद्या तोही कप्तान होईल, कारण ही पायरी चढल्यावाचून त्या पायरीवर जाता येत नाही. पण तोपर्यंत पहाटे चार वाजता त्याला उठावयाचे आहे, पूर्वेला तारे विझण्यापूर्वी क्षितिज पाहावयाचे आहे, आणि खाली शंभर माणसे निर्धास्त झोपली आहेत ती तशीच झोपू द्यावयाची आहेत.